जंतूबाई

डोंबिवलीच्या फडके रोडवरून एका संध्याकाळी मी बाईंबरोबर चालले होते. समोरून साठीचे एक गृहस्थ नातीचं बोट धरून येत होते. बाई थबकल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांना म्हणाल्या, "तुम्ही क्लेबसिएला ना?"

गृहस्थ गोंधळले. नात आळीपाळीने दोघांकडे बघायला लागली.

"बेड नंबर दोन," बाई म्हणाल्या. "पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. नंतर पोटात पू झाला. तुमचा जंतू जेंटामायसिनला दाद देत नव्हता."

"हो, बरोबर. माझं नाव..."

"नाव राहू दे. आता पोट कसं आहे?"

"पोट उत्तम आहे."

"छान," असं म्हणून बाई चालू लागल्या. मी मागे वळून पाहिलं, तर गृहस्थ वाकून नातीला काहीतरी समजावत होते. काय समजावलं असेल देव जाणे.

बाई ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट होत्या. मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन. लॅबचा कोर्स करून शहाडहून मी तिथे नोकरीला लागले तेव्हा मला वाटलेलं, रक्त-लघवी तपासायची आणि पाच वाजता घरी जायचं. पण बाईंचं खातं वेगळं होतं. हॉस्पिटलमध्ये चार खाटांचा अतिदक्षता विभाग होता. पोटाच्या ऑपरेशननंतर एखाद्याचा ताप उतरेना, की त्याच्या पोटात घातलेल्या नळीतून येणारं पाणी किंवा पू आमच्याकडे यायचं. झाकणाच्या काचेच्या बशीत चायनाग्रासच्या वडीसारखा थर जमवलेला असतो, त्याला आम्ही प्लेट म्हणतो. त्या थरावर नमुना फिरवायचा आणि प्लेट उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जे उगवेल त्यावरून जंतू कोणता ते ओळखायचं, आणि कोणत्या औषधाने तो मरतो ते त्याच्या पुढच्या दिवशी सांगायचं.

हॉस्पिटलात मेट्रनना सगळे 'बाई' म्हणत. मग आमच्या बाईंना काय म्हणायचं म्हणून वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे पाठीमागे 'जंतूबाई' म्हणायचे. बाईंच्या कानावर ते कधी गेलं मला माहीत नाही. पण एक दिवस फोन वाजला, बाईंनी उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "जंतूबाई बोलतेय." त्यानंतर पाठीमागे म्हणण्यात कुणालाच मजा राहिली नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. डोंबिवलीत थोरल्या भावाबरोबर राहायच्या. भाऊ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बाईंच्या डब्यात वर्षाचे बारा महिने दहीभात. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, "अगं, दिवसभर वाईट वागणारे जंतू बघायचे. जेवताना तरी चांगले असावेत."

खरं तर वाईट वागणारे असंही त्या क्वचितच म्हणत. आतड्यातल्या जंतूंना त्यांनी कधी शत्रू म्हटलं नाही. "ही मंडळी आतड्यात राहतात, तिथे आपली कामं करतात," त्या नवीन नर्सना समजावायच्या. "आतड्याला भोक पडलं की ती पोटाच्या पोकळीत येतात. तिथे त्यांचं काही काम नाही आणि आपल्याला त्यांना तिथे ठेवायची सोय नाही. राग जंतूंवर काढू नका, भोक शोधा."

हात धुण्याचा त्यांचा नियम होता दिडकीचा. नळाखाली हात धरायचे, कोपरापर्यंत साबण लावायचा आणि दिडकीचा पाढा म्हणायचा. दीड, तीन, साडेचार, सहा, थेट पंधरापर्यंत जायचं आणि पुन्हा उलटं खाली यायचं. घड्याळ बघून हात धुणारा घड्याळालाच हात लावतो, असं त्यांचं म्हणणं. नवीन पोरांना दिडकी येत नसे. केरळहून आलेल्या एका नर्सला तर मराठीच येत नव्हतं, पण दिडकी ती महिन्याभरात घडाघडा म्हणायला लागली. अतिदक्षता विभागाच्या दारातल्या बेसिनपाशी सकाळी दोन-तीन जणं उभी राहून एका सुरात पाढे म्हणताहेत, हे दृश्य बघून पेशंटचे नातेवाईक बिचकायचे.

प्लेटांसाठी मेंढीचं रक्त लागायचं. ते गोठू नये म्हणून बाटलीत काचेचे मणी घालून हलवत राहावं लागतं. मणी संपले की बाई स्वतः बाजारात जायच्या. एकदा मी बरोबर होते. दुकानदाराने लाल, हिरवे, मोरपंखी मणी काढून दाखवले. "तोरणाला हवेत की रुखवताला?" त्याने विचारलं.

"रक्त घुसळायला," बाई म्हणाल्या. "साधे पांढरे द्या."

त्याने मुकाट्याने पांढरे पुडीत बांधले.

आणि वीज गेली की आमचं उबेचं कपाट थंड पडायचं. मग बाई सगळ्या प्लेटा स्टीलच्या मोठ्या डब्यात रचायच्या, बाजूला गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, त्यावर गोधडी. ती गोधडी त्यांच्या आईची होती. दर अर्ध्या तासाने आत हात घालून थर्मामीटर बघायच्या. लॅबमध्ये चोवीस तास एक गोधडी घडी करून ठेवलेली असते हे बाहेरच्या तपासणीसाला समजावून सांगताना त्यांना जराही संकोच वाटला नाही.

त्यांच्या स्वभावातला हा विक्षिप्तपणा आम्ही हसून घ्यायचो. त्यामागे काय आहे ते मला कळलं एका पेशंटमुळे, आणि ते कळायला माझ्याकडून आधी एक चूक व्हावी लागली.

कळव्याच्या खाडीकाठचा एक कोळी, चाळिशीचा, आमच्याकडे आला होता. टायफॉईडने आतड्याला भोक पडलेलं. ऑपरेशन करून ते शिवलं. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी ताप चढला. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं आणि पोटातल्या नळीचं पाणी आमच्याकडे आलं. बाई नेमक्या दोन दिवस रजेवर होत्या, भावाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी प्लेट लावली. सकाळी बघते तर तीन तऱ्हेचे जंतू. गुलाबी ठिपके, त्यांच्यात चिकट, फुगीर वेगळे ठिपके, आणि दुसऱ्या प्लेटवर अगदी बारीक दाणे. मला शिकवलेलं होतं की अशी खिचडी उगवली म्हणजे नमुना घेताना कुणाचा तरी हात लागला. मी रिपोर्टवर लिहिलं, 'नमुना दूषित दिसतो, पुन्हा पाठवावा,' आणि प्लेटा टाकायच्या बादलीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या. आल्या आल्या त्या आधी टाकायची बादली बघायच्या, ही त्यांची रोजची सवय. प्लेटा उचलून त्यांनी उजेडात धरल्या.

"हे कुणी टाकलं?"

"मी, बाई. तीन-तीन जंतू आलेले. मला वाटलं..."

"नमुना कुठला?"

"पोटातला. नळीचा."

"रक्तात असे तीन आले असते, तर दूषित म्हटलेलं समजू शकलं असतं," बाई म्हणाल्या. "आतड्यात यांची वस्तीच असते. तिघं एकदम पोटात आले म्हणजे आतड्यातून गळतंय." त्यांनी प्लेटा खाली ठेवल्या. "पेशंट बघितलास?"

"नाही."

"ज्याचा रिपोर्ट लिहिलास त्याला बघितलं नाहीस. चल."

दीड वर्षं नोकरी करून मी अतिदक्षता विभागात पहिल्यांदा पाऊल टाकलं. बेसिनपाशी दिडकी म्हणून हात धुतले. तो खाटेवर पडला होता. खांदे असे भरदार, वर्षानुवर्षं वल्ही मारलेली. पण पोट टम्म फुगलेलं, ओठ सुकलेले, आणि श्वास इतका भरभर, की बघणाऱ्याला धाप लागावी. माझ्या कागदावर तो फक्त एक नंबर होता.

त्याची बायको पायाशी उभी होती. कळव्याच्या बाजारात मासे विकायची. तिला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडत. बाईंनी पेशंटच्या पोटावर हात ठेवला, नळीच्या बाटलीकडे बघितलं आणि तिला विचारलं, "तुम्हाला काही वेगळं वाटतंय का?"

तिने आधी सिस्टरकडे बघितलं. डॉक्टरांपुढे आपण काय बोलायचं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सांगा. तुम्ही रोज बघताय."

"वास बदललाय बाय," ती म्हणाली. "परवा सकाली नव्हता. परवा सांजच्याला आला. मना वासाचा लगेच कलतो, माजा धंदाच त्यो हाय. सिस्टरला सांगला, ती बोलली दवाखान्यात वास येनारच."

"कसला वास?"

"घान. पोटातली घान असते ना, तसा."

बाईंनी बाटलीचं झाकण सैल केलं, वास घेतला आणि परत लावलं. मग खिशातून कागद काढून तिथेच उभ्या उभ्या रिपोर्ट लिहिला. तीन जंतूंची नावं लिहिली, आतडं गळत असल्याची दाट शंका लिहिली, आणि खाली लिहिलं, 'परवा संध्याकाळपासून घाण वास. निरीक्षण रुग्णाच्या पत्नीचं.'

सर्जन तरुण होते, हाताला चांगलं यश होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. रिपोर्ट वाचून ते खाली आमच्या लॅबमध्ये आले. आल्या आल्या म्हणाले, "हे काय आहे? पेशंटच्या बायकोचं मत रिपोर्टवर?"

"तिने तुमच्या-माझ्या आधी ओळखलंय."

"मी आज औषध बदललंय. नवीन इंजेक्शन आहे, सगळे जंतू कव्हर होतात. दोन दिवस बघू."

"जंतू मरतील आणि नवीन येत राहतील," बाई म्हणाल्या. "आत उघडी वाट आहे. औषध टाका घालत नाही."

सर्जनांचा चेहरा लाल झाला. "बाई, पोट मी उघडतो. तुम्ही प्लेटा उघडा."

"म्हणूनच तर सांगतेय," बाई त्याच आवाजात म्हणाल्या. "माझ्या प्लेटा उघडून झाल्या."

ते निघून गेले. बाई नवीन प्लेटा लावायला बसल्या, पण अर्ध्या तासात त्यांनी चार वेळा दाराकडे बघितलं. शेवटी वॉर्डमधून निरोप आला. सोनोग्राफी केली, पोटात पाणी साठलेलं दिसतंय, पेशंटला आत घेताहेत.

दुपारी चारच्या सुमारास थिएटरची सिस्टर खाली आली. दोन टाके सुटलेले निघाले. पोट धुतलं आणि आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढून पिशवी लावली. सिस्टरने नवीन नमुना आणला होता, बाई नेहमी मागायच्या तसा, सिरिंजमध्ये, हवा काढून. त्यावरची चिठ्ठी सर्जनांच्या अक्षरात होती. नाव, वेळ, कुठून घेतला, सगळं लिहिलेलं.

त्या संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, "माझ्यामुळे त्याचा एक दिवस वाया गेला."

मला वाटलेलं त्या म्हणतील, जाऊ दे. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"गेला," त्या म्हणाल्या. "अर्धा तुझा, अर्धा माझा. रजेवर जाताना तुला शिकवून जायला हवं होतं. ते मी केलं नाही. उद्या सकाळी अर्धा तास लवकर ये."

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर जायला लागले, ते त्या निवृत्त होईपर्यंत.

त्याचं दुखणं तिथे संपलं नाही. आठवड्याभराने जखमेवरची पट्टी हिरवट दिसायला लागली. प्लेट उघडली तर द्राक्षांसारखा गोडसर वास. स्यूडोमोनास. (त्या वर्षी मी द्राक्षं खाल्ली नाहीत.) हा मात्र आतड्यातला रहिवासी नव्हता. हा ओलीत राहणारा, हॉस्पिटलमधून आलेला. म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी तो त्याच्यापर्यंत पोचवला होता.

बाईंनी ठरवलं की सगळ्यांचे नमुने घ्यायचे. बेसिन, साबणदाणी, सलाईनचे स्टँड, डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे हात, अंगठ्या, घड्याळं. मेट्रन भडकल्या. "माझ्या वॉर्डातली साबणदाणी तुम्ही तपासणार?"

"तुमची, माझी, सगळ्यांची. नावं लिहिणार नाही, नंबर टाकू. यादी माझ्याकडे राहील."

दोन दिवसांनी निकाल आला. दोनच प्लेटा हिरवट होत्या. एक अतिदक्षता विभागातली साबणदाणी, जिच्यात साबणाची वडी दिवसभर पाण्यात पडून असायची. दुसरा नंबर मी वाचला आणि बाईंनी यादीत बघितला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या घड्याळाचा पट्टा," त्या म्हणाल्या.

चामड्याचा जुना पट्टा होता. त्या घड्याळ काढून हात धुवायच्या, काटेकोर धुवायच्या आणि मग ओल्या मनगटावर तेच घड्याळ बांधायच्या. गेला आठवडाभर त्या रोज त्या कोळ्याला बघायला वर जात होत्या.

मी म्हटलं, "साबणदाणीवरून तुमच्या पट्ट्यावर आला असेल."

"असेल. किंवा पट्ट्यावरून साबणदाणीवर. ते आता कळायचा मार्ग नाही."

त्यांनी सूचना फलकासाठी कागद लिहायला घेतला. 'जंतू आढळलेली ठिकाणं. एक, साबणदाणी, अतिदक्षता विभाग. दोन, घड्याळाचा पट्टा, मायक्रोबायोलॉजिस्ट.'

"बाई, आपण नावं लिहायची नाहीत असं ठरलंय. नुसतं 'पट्टा' लिहा ना."

"दुसऱ्यांची लिहायची नाहीत असं ठरलंय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने टाचण्या लावून आल्या.

दुपारी मी फलकासमोरून जात होते तेव्हा सर्जन तो कागद वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, बोटातली अंगठी काढली, दोन्ही खिशात टाकली आणि राउंडला गेले. त्या दिवसापासून बाईंनी घड्याळ साडीला पिनेने अडकवलं. साबणदाणी गेली, तिच्या जागी भोकाची जाळी आली आणि साबणाचे छोटे तुकडे. मेट्रन आठवडाभर बोलल्या नाहीत, पण तुकडे मात्र त्या जातीने कापून घ्यायच्या.

हे सगळं झालं तरी बाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती. भेटीच्या वेळेला त्या वर गेल्या, मलाही नेलं, आणि कोळ्याच्या बायकोला दाराबाहेर बोलावून सरळ सांगितलं. "तुमच्या नवऱ्याच्या जखमेत जो नवीन जंतू आहे तो इथलाच आहे. माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावरही तोच सापडला. मी आणला की नाही ते मला सांगता येत नाही. पण आणला असू शकतो."

ती बाईंकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही रडेल नाहीतर ओरडेल.

"मंग पट्ट्याचा काय केलास?" तिने विचारलं.

"जाळला."

"बरा केलास," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याला औषद हाय ना?"

"आहे. सापडलंय. कालपासून सुरू केलंय."

"मंग जा, तुजा काम कर. मी हाय इथं."

बाई जिना उतरताना मधेच थांबल्या, कठड्याला धरून. मी विचारलं, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "नाही, बरं वाटतंय." आणि खाली येऊन खरोखरच कामाला लागल्या.

सर्जन नंतर रोज सकाळी राउंडच्या आधी लॅबमध्ये यायला लागले. प्लेटा बघायचे, विचारायचे, कधी वादही घालायचे. कितीतरी वर्षांनी बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी दोन वाक्यांचं भाषण केलं. पोट कधी उघडायचं ते मी कॉलेजात शिकलो, म्हणाले, पण परत कधी उघडायचं ते तळमजल्यावर शिकलो. बाईंना टाळ्या आवडायच्या नाहीत. त्या हात धुवायला निघून गेल्या.

तो कोळी महिनाभर आमच्याकडे होता. ताप उतरला, पोट मऊ झालं, पेज प्यायला लागला. एकदा मी वर गेले तर तो सिस्टरशी हुज्जत घालत होता की बोंबलाचं कालवण डॉक्टरने मना केलंय याचा पुरावा दाखव. नळी काढायच्या आधी तिच्यातला शेवटचा नमुना खाली आला. आम्ही प्लेट लावली. एक दिवस थांबलो, दुसरा दिवस थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला वर पाठवलं. "तिला बोलावून आण."

लॅबमध्ये बाहेरच्या माणसाला त्या येऊ देत नसत. नमुने द्यायची एक खिडकी होती, तिच्यापाशी ती येऊन उभी राहिली. घाबरलेली. "काय झाला बाय? आता तर बरा हाय त्यो."

"काही झालं नाही. दाखवायला बोलावलंय." बाईंनी झाकण लावलेली प्लेट खिडकीतून उजेडात धरली. "हे तुमच्या नवऱ्याच्या पोटातलं पाणी. तीन दिवस उबेत ठेवलं होतं."

ती डोळे बारीक करून बघायला लागली. बाजूला मान झुकवून बघितलं, खालून बघितलं. प्लेट स्वच्छ होती, नुसता गुलाबीसर थर, त्यावर सकाळचं ऊन.

"हितं तर काय दिसत नाय," ती म्हणाली.

"नाही ना?"

"काय पन नाय."

"हो," बाई म्हणाल्या. "काही उगवलं नाही."

तिला ते कळायला एक क्षण लागला. मग ती खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकून नीट उभी राहिली. बाईंनी प्लेट खाली ठेवली नाही. मागे नमुन्यांची रांग लागली होती, एका वॉर्डबॉयने दोनदा खाकरून बघितलं. त्या दोघी मात्र खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या रिकाम्या प्लेटकडे बघत होत्या, घरातलं नवीन बाळ बघावं तशा.